क्यूआरमध्ये घातलेली टीप सप्लायरच्या हातात पडते काय? (बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी सांगावं)

खिंडीतला

मंडळी, गेल्या शनिवारची गोष्ट. शनिवार म्हणजे आपला बाजार. गणपत गल्लीतून पिशव्या ओढत आम्ही नवराबायको एका हॉटेलात टेकलो. नाव सांगत नाही. दोन लोणी डोसे, एक इडली-वडा, दोन चहा. बिल २६० रुपये. सप्लायर पंचविशीतला. चटणी न मागता दोनदा आणली. सांबार बायकोला झोंबलंय हे तिच्या तोंडावरून ओळखून "ताक आणू काय वहिनी?" म्हणून विचारलं. मी खूश. टेबलावरच्या क्यूआरवर सरळ ३०० टाकले आणि त्याला म्हटलं, "वरचे चाळीस तुझे."

पोरगा हसला नाही. गल्ल्याकडं पाठ करून, टेबल पुसायचं सोंग करत हळूच म्हणाला, "साहेब, त्यात घातलेलं आमच्याकडं येत नाही. पुढच्या वेळी हातात द्या. दहाच द्या, पण हातात द्या."

घरी येईपर्यंत बायकोचं एकच पालुपद: हॉटेलच्या मालकाला टीप देणारा जगातला पहिला माणूस माझ्या नशिबी आला.

तर विचारायचं असं की तुम्ही टीप देता काय, आणि कशी देता? हल्ली खिशात सुट्टे नसतातच. आणि ज्यावर आमच्यात रात्री जुंपली ते म्हणजे, टीप मिळते म्हणून पोरं नीट वाढतात की नीट वाढणारा टीप असो नसो नीटच वाढतो? माझं मत दुसरं. बायकोचं पहिलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे मनुष्यस्वभावाबद्दल तिचा अनुभव दांडगा.

पेन्शनर

मी टीप देत नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. पदार्थाचा दर मालकाने ठरवला, तो मी दिला. वर ५ टक्के जीएसटी दिला. आता आणखी काय? आपल्याकडे समज आहे की वाढपी ओळखीचा असला तर पंगतीच्या टोकाला बसले तरी चालते. टीप म्हणजे वाढपी ओळखीचा करून घेण्याचा प्रकार, म्हणजेच लहानशी लाच. मी ३६ वर्षे सरकारी नोकरी केली, टेबलापलीकडच्या एकानेही मला कधी टीप दिली नाही. आजकालची ही पोरे कामचुकार झाली आहेत. हाक मारली तर मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, बिल आणताना मात्र वाटीत बडीशेप घालून अदबीने उभी राहतात.

होय_की

काका, तुम्हाला कुणी टेबलापलीकडून दिलं असतं तर लोकायुक्तवाले आले असते. हलकेच घ्या.

अनगोळची आक्का

खिंडीतला, वहिनींना माझा पाठिंबा, पण अर्धाच.

आमची भिशी आहे, आठ जणींची. महिन्यातून एकदा टिळकवाडीत कुठंतरी जेवायला. आम्ही आत शिरलो की सप्लायरच्या तोंडावर जे उमटतं ते मी दहा वर्षं बघतेय. बायकांचा घोळका: तीन तास बसणार, आठ बिलं करा म्हणणार, वर टीप पाच रुपये. म्हणून आम्हाला टेबल कुठलं? हात धुवायच्या बेसिनशेजारचं. त्यात त्याचा सगळाच दोष नाही. आमच्यातली एक (नाव घेत नाही, ती हे वाचते) खरंच उरलेली बडीशेप पर्समध्ये ओतते आणि दोन रुपये ठेवते.

एकदा आम्ही उलटं केलं. बसल्या बसल्या, पाणी यायच्या आधी, त्याच्या हातात १०० ची नोट दिली. मग जे सुरू झालं! पापड गरम आहे काय, पंखा वाढवू काय, आईस्क्रीम कुठलं. दर दोन मिनिटांनी. आम्हाला सासवांची निंदासुद्धा धड करता येईना. शेवटी मीच म्हटलं, बाबा रे, जा तिकडं.

तर पैशानं पळापळ वाढते. नीटपणा वाढतो काय, ठाऊक नाही. तुमच्या पोरानं ताक विचारलं तेव्हा त्याला टीपचं काही माहीत नव्हतं ना?

खिंडीतला

नव्हतं. हा मुद्दा रात्री सुचला असता तर बरं झालं असतं.

कोर्टाजवळचा

पेन्शनर यांच्या माहितीसाठी थोडे. जीएसटी सरकारकडे जातो, त्यातला एक पैसा सप्लायरकडे येत नाही. आणि छोटी हॉटेले कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असतील तर त्यांना बिलावर वेगळा जीएसटी लावताच येत नाही. तसा लावलेला दिसला तर विचारा.

तिसरी गोष्ट सर्व्हिस चार्ज. आपल्याकडे साध्या हॉटेलात हा प्रकार नाही, पण मॉलमध्ये आणि मोठ्या रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या खाली ५ किंवा १० टक्के घातलेले सापडतात. तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हा चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या आणि याचिका फेटाळल्या. कुणी घातलाच तर काढा म्हणून सांगायचे. नाही ऐकले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

टीप मात्र या सगळ्याच्या बाहेर. ती तुमची खुशी.

मलप्रभाकाठ

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पेन्शनर काकांनी कामचुकार म्हटलं म्हणून लिहितोय.

मी कणकुंबीकडचा. नदी आमच्या बाजूलाच उगवते, पाऊस असा की चार महिने घराची भिंत हाताला ओली लागते. दहावीला गणितात उडालो आणि १९९८ च्या जूनमध्ये मामानं बेळगावच्या एका उडपी हॉटेलात आणून सोडलं. क्लीनर म्हणून. पहिल्या दिवशी कुणी सप्लायर होत नाही, ती बढती असते. क्लीनर म्हणजे बादली, फडकं आणि उष्ट्या बशा. पगार ६००, दोन वेळचं जेवण, झोपायला भट्टीवरचा माळा. थंडीत ऊब, एप्रिलमध्ये मरण. पावसाळ्यात हात कोरडे व्हायचेच नाहीत, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. रात्री खोबरेल चोपडून झोपायचं, सकाळी सहाला शटर.

टीपचं तेव्हा असं होतं. गिऱ्हाईक बशीखाली आठ आणे, रुपया ठेवून उठायचं. बशी उचलायची कुणी? क्लीनरनं. म्हणजे नाणं पहिल्यांदा मला दिसायचं. पण कायदा असा की नाणं सप्लायरचं. तो चार टेबलं लांब असला तरी त्याची नजर बशीवर. पहिल्याच आठवड्यात मी एक रुपया खिशात टाकला आणि कानाखाली खाल्ली. अजून त्या कानानं जरा कमीच ऐकू येतं असं बायको म्हणते, ते कारण वेगळं असेल.

आमच्यात एक अण्णा होते, कुंदापूरकडचे, पन्नाशी उलटलेले. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डोशाच्या चार प्लेटा. उजव्या हातात पाण्याचे ग्लास, बुडाला धरून. पाण्यात बोटं बुडवून चार ग्लास एकदम आणणारे बाकीचे सगळे, मीपण नंतर तसाच. अण्णांचं बोट कधी ग्लासात गेलं नाही. कागद नाही, पेन्सिल नाही. सहा टेबलांची बिलं डोक्यात. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडं निघालं की मागून आरोळी: "चष्मा बत्तीस! मागं टोपी अठरा!" गिऱ्हाईक बसायच्या आत पाणी. 'पाणी' म्हणाला तर मराठी, 'नीर' म्हणाला तर कन्नड, 'पानी' म्हणाला तर गोव्याला निघालेला, पुढचं सगळं त्याच भाषेत. आणि एक सवय, भट्टीवरून डोसा आला की बोटाची मागची बाजू त्याच्या कडेला टेकवून बघायचे. गार वाटला की परत. भट्ट तुळूत शिव्या घालायचा. अण्णा तिथंच उभे, दुसरा येईपर्यंत.

बशीखाली काय आहे ते अण्णा बघायचे नाहीत. आम्हालाच सांगितलेलं, उचल आणि संध्याकाळी दे. रात्री शटर पडलं की सगळी चिल्लर स्टीलच्या डब्यात ओतायची, निम्मी अण्णांची, निम्मी आम्हा दोघा क्लीनरची आणि भांड्यांच्या मावशीची. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "टेबल ओलं असतं तर तो बसला असता काय?"

ते संत होते असं समजू नका. एक सराफ रोज दोन रुपये ठेवायचे. त्यांच्या वेळेला खिडकीचं टेबल अण्णा अंगावरचा टॉवेल टाकून धरून ठेवायचे आणि दुसरं कुणी बसायला आलं तर "पंखा बंद हाय" म्हणून सांगायचे. पंखा गरगर फिरत असायचा.

मोबाईलचं म्हणाल तर, अण्णांना सहा टेबलं लक्षात ठेवावी लागत होती. आता पोरगं मशीनवर ऑर्डर मारतं, आत कागद छापून निघतो, बिलही छापून येतं. लक्षात ठेवायला काय उरलं? सकाळी सहा ते तीन, मग दोन तास सुट्टी म्हणायची, परत पाच ते दहा. त्या दोन तासात तो गावी जाऊ शकत नाही, झोपूही शकत नाही. चौदा तासात कधीतरी मान खाली जाणारच. काका, तुमच्या ऑफिसात पेपर येत होता ना?

होय_की

दंडवत. "पंखा बंद हाय" 😂

पेन्शनर

पेपर येत होता. मुद्दा मान्य. पण चौदा तास राबवणारा मालक आहे, मी नव्हे. मग त्याची भरपाई माझ्या खिशातून का?

शहापूरकर परदेशी

काकांचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. मी वीस वर्षं अमेरिकेत आहे, तिथं नेमकं हेच कायद्यात बसवलंय. केंद्राच्या कायद्याप्रमाणे टीप घेणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. साधं किमान वेतन ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून तेवढंच. मधली भर टीपमधून पडायची, नाही पडली तर मालकानं घालायची. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलत नाही, तिथं पूर्ण वेतन द्यावंच लागतं. म्हणजे बाकी ठिकाणी गिऱ्हाईक टीप देतं ती खुशी नव्हे, पगारच. १५ ते २० टक्के न देता उठलात तर वेटर तुमच्याकडं असं बघतो की जेवण परत वर यावं.

आणि त्यानं काम सुधारतं काय? कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन नावाचे प्राध्यापक कित्येक वर्षं टीपचाच अभ्यास करतायत. त्यांना सापडलं ते असं की वाढणं कसं होतं आणि टीप किती पडली यांचा संबंध अगदीच पातळ. लोक सवयीनं देतात. उलट जपानात टीप देतच नाहीत, आणि तिथल्या वाढण्याला कुणी नावं ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता माझी फजिती. गेल्या डिसेंबरला शहापूरला आलो होतो. एका खानावळीत चौघे जेवलो, बिल ६००. सवयीनं १२० वर ठेवून निघालो. कोपऱ्यापर्यंत पोचलो तर वाढणारी आक्का चपला न घालता पळत आली, "ओ, तुमचे पैसे राहिले की!" मी समजावलं, तुमच्यासाठी ठेवलेत. तिनं माझ्याकडं बघितलं, परत गेली आणि कागदात चार शेंगांच्या पोळ्या बांधून आणल्या. १२० चा हिशेब चुकता.

पेन्शनर

याला म्हणतात संस्कृती! आपल्याकडे जेवू घालणे हा धंदा नव्हता कधी.

अनगोळची आक्का

संस्कृती नव्हे काका, ती मालकीण होती. गल्ला तिचाच, ताट तिचंच, मग ती टीप कुणाची घेणार? आत चुलीपुढं भाकरी बडवणाऱ्या दोघी-तिघी असतात, त्यांना विचारलं काय कुणी? सकाळी दहापासून थापताहेत. गिऱ्हाईक त्यांना दिसत नाही, गिऱ्हाइकाला त्या दिसत नाहीत. धडाधड आवाज तेवढा येतो. त्या १२० मधलं त्यांच्याकडं किती गेलं असतं?

शहापूरकर, तुमच्यावर राग नाही. पोळ्या चांगल्या होत्या काय?

शहापूरकर परदेशी

चांगल्या होत्या. आणि नाही विचारलं. आत डोकावलोच नाही.

गल्ल्यावरून

मालकांना शिव्या पडायच्या आधी एका मालकानं बोललेलं बरं. निपाणीच्या अलीकडं हायवेला माझं हॉटेल आहे. चौदा माणसं. व्हेज-नॉनव्हेज दोन्ही, बार नाही.

क्यूआरचं आधी सांगतो. मालक टीप खातो म्हणणं सोपं आहे. दिवसाला तीन-चारशे बिलं होतात. पैसे पडले की तो डबा ओरडतो, "दोनशे सत्तर रुपये प्राप्त हुए", त्या गर्दीत कुणाचं बिल २६० होतं आणि कुणी १० वर घातले, हे कोण बघणार? रात्री बिलांची बेरीज आणि खात्यातली जमा जुळत नाही, दोनशे-तीनशे जास्त असतात. ते कुणाच्या टेबलाचे? मी ते वर्षभर तसेच राहू दिले, हे कबूल. खाल्ले म्हणा हवं तर. पण ठरवून नव्हे.

आता पोरांचं. दसऱ्याला एकाला १५,००० उचल दिली, बहिणीच्या लग्नाला म्हणाला. नोव्हेंबरात गोव्याला पळाला. तिकडं सीझन, एका रात्रीत आमच्या आठवड्याची टीप. फोन केला तर म्हणाला, "अण्णा, मे महिन्यात येतो की परत." आला पण. घेतला पण मी. करतो काय? गावातली पोरं या कामाला येत नाहीत, कारखान्यात कमी पगारावर जातील पण उष्टं उचलणार नाहीत. आता निम्मी पोरं ओडिशाची आणि नेपाळची. त्यांना 'भाकरी' आणि 'रोट्टी' एकच हे शिकवायला महिना गेला.

हायवेवर टीप कोण देतं ते सांगू? पुण्या-मुंबईहून शनिवारी गोव्याला जाणारी गाडी, जाताना देते. रविवारी रात्री परतताना तीच गाडी पाण्याची बाटली महाग म्हणून भांडते. २०१२ ला सुवर्ण विधानसौध (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत) झाल्यापासून अधिवेशनाचे दहा दिवस बेळगावात चांदी असते म्हणतात. माझा एक सप्लायर तिकडं एका हॉटेलात तेवढ्यापुरता जाऊन आला. त्याचा अनुभव असा की आत जेवणारे साहेब बिल बघत नाहीत, कारण ते दुसरंच कुणी भरतं, आणि भरणारा टीप कशाला देईल? बाहेर गाड्यांजवळ चहा पिणारे ड्रायव्हर मात्र दहा-वीस देऊन जातात.

मलप्रभाकाठ

गल्ल्यावरून, खरं लिहिलात म्हणून एक विचारतो. फुटलेल्या कपबशीचे पैसे टीपच्या डब्यातून कापता काय?

गल्ल्यावरून

कापत होतो. दोन वर्षं झाली, बंद केलंय.

मलप्रभाकाठ

मी होतो तिथं २००४ ला मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसला आणि त्यानं काचेची पेटी आणली. सगळी टीप पेटीत. अमावस्येला पूजा झाली की उघडायची. पहिल्या अमावस्येला आम्ही आठ जण पेटीभोवती उभे, परीक्षेचा निकाल लागल्यासारखे. त्यातून फुटलेले ग्लास वजा, हरवलेले चमचे वजा, भट्टीवरच्यांचा वाटा वजा, पूजेच्या नारळाचे पण वजा. माझ्या हातात आले ४३ रुपये. त्या महिन्यात माझ्या एकट्याच्या टेबलावर किती पडले ते मला पाठ होतं, अण्णांकडं शिकलेलो ना. तेव्हापासून मी पाणी विचारल्याशिवाय द्यायचं बंद केलं. मुद्दाम असं नाही. पायच उचलायचे नाहीत. सहा महिन्यांनी सोडलं. आता टेम्पो आहे.

अण्णा त्याआधीच गावाकडं गेलेले. ते पेटीला काय म्हणाले असते, कैकदा मनात येतं.

कोर्टाजवळचा

वरच्या दोन प्रतिसादांवर कायद्याचे बोलणे जरा कोरडे वाटेल, पण उपयोगाचे आहे.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयटीसीच्या हॉटेलांचा खटला निकाली निघाला. भांडण कराचे होते. गिऱ्हाईक क्रेडिट कार्डाने बिलात टीप घालते, हॉटेल ती नंतर कामगारांत वाटते. प्राप्तिकर खाते म्हणाले, मग हा पगारच, हॉटेलाने त्यावर टीडीएस कापायला हवा होता. न्यायालय म्हणाले, नाही. हा पैसा गिऱ्हाइकाकडून कामगाराला आलेला आहे, मालकाच्या खात्यातून गेला तरी मालक तो फक्त विश्वस्त म्हणून धरून असतो. तिथे कार्ड होते, इथे क्यूआर आहे. खिंडीतला यांनी "वरचे ४० तुझे" असे सांगून टाकलेले पैसे कुणाचे, यात मला तरी शंका नाही.

दुसरे. टीप मिळते म्हणून पगार कमी, ही अमेरिकेतली सोय आपल्या कायद्यात नाही. कर्नाटकात हॉटेल कामगारांचे किमान वेतन सरकार अधिसूचनेने ठरवते, त्यात टीप धरायची नसते. जयपूरच्या एका हॉटेलाच्या खटल्यात १९७६ लाच न्यायालयाने सांगितले होते की टीप हा वेतनाचा भाग नव्हे. पेन्शनर यांना उत्तर हेच: भरपाई तुमच्या खिशातून करायची नाहीच आहे. पगार मालकाने द्यायचा, टीप निराळी.

गल्ल्यावरून

विश्वस्त! आमच्या सीएनं हे कधी सांगितलं नाही. तो फक्त विक्रीचा आकडा विचारतो.

मग ऐका, आमच्याकडं आता काय आहे. गल्ल्याशेजारी एक वही. क्यूआरवर वरचे पैसे पडले आणि गिऱ्हाईक बोललं, तर सप्लायरनं येऊन तिथंच सांगायचं, मी फोन बघून वहीत लिहितो आणि रात्री रोख देतो. भट्टीचा आणि क्लीनरचा वाटा पोरांनीच आपसात ठरवलाय, मी त्यात नाही. भांडणं होतात. पण माझ्याशी नाही.

मलप्रभाकाठ

वही पोरांना बघायला मिळते काय?

गल्ल्यावरून

गल्ल्याच्या आत असते. बाहेर ठेवतो.

होय_की

एवढं कशाला, सप्लायरचाच क्यूआर घ्यायचा की! मी तर विचारतो, "तुझा नंबर दे," आणि २० टाकतो.

अनगोळची आक्का

तू पोरगा आहेस म्हणून. मी २० रुपये टाकले की त्याच्या मोबाईलवर माझं पूर्ण नाव झळकतं. नंबरावर टाकले तर त्याला माझा नंबर मिळायची भीती. मागे एकीला रात्री "जेवण कसं वाटलं मॅडम" असा मेसेज आला होता. त्यात वाईट काही नसेल, पण तिनं त्या हॉटेलात जाणं सोडलं. नोटच बरी.

सीमेवरचा पाखरू

हॉटेलात मराठीत मागितलं तर पाणीसुद्धा उशिरा येतं, आधी ते बोला. टीपचं नंतर बघू. मुळात १९५६ ला

(प्रशासक: पुढचा मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, तिकडे लिहा. इथे चटणी-सांबार चालू द्या.)

मलप्रभाकाठ

पाखरू, पाणी उशिरा येतं ते टेबल कुणाच्या वाट्याचं आहे ते ठरलेलं नसतं म्हणून. दोन सप्लायरच्या हद्दीवरचं टेबल. दोघंही म्हणतात त्याचं. 😄

पेन्शनर

हे मात्र छान बोललात.

मी काल प्रयोग केला. रोज संध्याकाळी ज्या ठिकाणी अर्धा चहा घेतो, तिथल्या क्लीनर मुलाला, सप्लायरला नव्हे, १० रुपये दिले. तो घाबरला. आधी सप्लायरकडे बघितले, मग गल्ल्याकडे. शेवटी सप्लायरच म्हणाला, "घे रे, आजोबा देऊलेत." नोट घडी करून त्याने ओल्या खिशात घातली. हात खरोखरच पांढरे पडलेले होते. नियमित देईन असे मी म्हणत नाही.

खिंडीतला

मी परत जाऊन आलो, तो शेवटचा वृत्तांत.

काल बुधवार, गर्दी नव्हती. तोच पोरगा. या खेपेला बिल क्यूआरवर नेमकं भरलं, १८५, आणि मुद्दाम घरातल्या डब्यातून आणलेली दहाची दोन नाणी त्याच्या हातात दिली. हातात द्या म्हणाला होता ना. त्यानं उलटसुलट करून बघितलं आणि अगदी नम्रपणे परत टेबलावर ठेवली.

"साहेब, दहाचा डॉलर (नाण्याला इकडं हेच नाव) बेळगावात चालत नाही. भाजीवाला घेत नाही, बसवाला घेत नाही. तुम्ही निपाणीकडं गेला तर तिकडं घेतात म्हणे."

मी सांगायला गेलो की रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय, सगळ्या नमुन्यांची नाणी चालतात. तो म्हणाला, "रिझर्व्ह बँक इथं भाजी घेत नाही साहेब." आणि ताक आणायला गेला. आज बायको सोबत नव्हती, ताक मी मागितलंही नव्हतं.

गल्ल्यावरून

नाणी इकडं पाठवा. खरंच चालतात.